जुन्या मस्टँगच्या इंजिनाचा मूळ रंग कसा ओळखावा

१९६५ च्या फोर्ड मस्टँगचं बॉनेट उघडलं की पुष्कळदा निळं इंजिन दिसतं. दिसायला छान, पण चूक. फोर्डने सगळी इंजिनं एकाच गडद निळ्यात रंगवायला घेतली ती १९६६ च्या मॉडेलपासून. त्याआधी ब्लॉक काळा असे आणि टॅपेट कव्हर व एअर क्लीनर इंजिनानुसार वेगळे: सहा सिलिंडरला लाल, २६० व्ही-८ ला फिकट निळे, साध्या २८९ ला सोनेरी (२६०, २८९ हे आकडे इंजिनाचा आकार घन इंचांत सांगतात). जास्त ताकदीच्या २८९ ला, म्हणजे के कोडला (चॅसी नंबरात के अक्षर असतं), क्रोमचे. त्यामुळे रंगाचा डबा सगळ्यात शेवटी घ्या. आधी इंजिन कोणतं आणि कधीचं, ते ठरवा.

१. चॅसी नंबर वाचा. तो डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या वरच्या कडेवर ठोकलेला असतो. ‘५आर०७सी’ अशी सुरुवात असेल तर १९६५ चं मॉडेल, सॅन होजे कारखाना, हार्डटॉप (पक्क्या छताची गाडी) आणि दोन बॅरल कार्बोरेटरचं २८९. पाचव्या जागी टी असेल तर २०० चं सहा सिलिंडर, एफ असेल तर २६०, ए असेल तर चार बॅरलचं २८९. डाव्या दारावरच्या पट्टीत गाडीची तारीख मिळते. ‘२५जे’ म्हणजे २५ सप्टेंबर. महिन्यांच्या अक्षरांत आय गाळलेला आहे, म्हणून नववा महिना जे.

२. आता ब्लॉकची तारीख. साठ वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं, आणि त्या काळात साध्या इंजिनावर गाडीचा नंबर ठोकत नसत. तेव्हा पुरावा फक्त तारखांचा. व्ही-८ असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, सेल्फ उतरवा आणि त्याच्या मागे ब्लॉकच्या उजव्या अंगाला रॉकेल लावून घासा. ‘सी५एई’ अशी ओतीव अक्षरं दिसतील: सी म्हणजे १९६० चं दशक, ५ म्हणजे १९६५. शेजारी ‘४एच२०’ सारखा कोड असतो. इथे क्रम उलटा: १९६४, ऑगस्ट, २० तारीख. अशा ब्लॉकनंतर पाच आठवड्यांनी, २५ सप्टेंबरला गाडी तयार झाली, हे जुळतं. ब्लॉक गाडीपेक्षा नंतरचा निघाला तर ते इंजिन त्या गाडीचं नाही. मग त्याच्यावरचा जुना रंग कितीही अस्सल असला तरी तुमच्या कामाचा नाही.

३. रंग शोधा. वरून दिसणारा भाग सोडून द्या, तो सगळ्यांनी रंगवलेला असतो. इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटखाली, वॉटर पंपाच्या मागे आणि कॉइलच्या बोल्टखालच्या इंजिन टॅगच्या आड पाहा. माउंटिंग काढण्याआधी ऑइल चेंबरखाली जाड फळी ठेवून जॅकने इंजिनाचा भार घ्या. फळीशिवाय चेंबर चेपतो.

तारेचा ब्रश लावू नका, तो सगळे थर एकदम उडवतो. रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडा आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून गोल फिरवत घासा. मध्ये लोखंड उघडं पडलं की ६०० आणि मग १००० ने कडा पसरवा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. लोखंडाला लागून असलेलं सगळ्यात आतलं वर्तुळ कारखान्यातलं. दोन वर्तुळांमध्ये तेलकट तपकिरी रेघ असेल तर वरचा थर नंतरचा. लोखंडावर आधी प्रायमर दिसला तर संशय घ्या. कुणीतरी ब्लॉक खरवडून नव्याने रंगवला असावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका आणि मास्क लावा.

४. जुळवणी. उष्णतेने निळा हिरवट होतो, सोनेरी काळवंडतो. एक्झॉस्टजवळचा नमुना त्यासाठी फसवा. थंड जागेचा घ्या, त्यावर तेलाचा एक थेंब पसरवा आणि सकाळच्या उजेडात, सावलीत पाहा. ट्यूबलाइटखाली नको. ‘फोर्ड ब्लू’ नावाने फिकट आणि गडद असे दोन्ही निळे विकले जातात. १९६६ ला गडद लागतो. झाकणावरच्या रंगावर विसंबू नका. ओतीव लोखंडाच्या तुकड्यावर दोन हात मारा, २४ तास वाळू द्या आणि तो तुकडा त्या वर्तुळांशेजारी धरून पाहा.