व्होल्टेजने चुंबक वळवताना झटपट आणि सावकाश परिणाम वेगळे कसे करावेत

मेंदूच्या धर्तीवर चालणाऱ्या चिपमध्ये माहिती छोट्या चुंबकांत साठवता येते, पण ते उलटवताना ऊर्जा खातो तो विद्युतप्रवाह. ५० मायक्रोअँपिअर, ०.५ व्होल्ट, ५ नॅनोसेकंद असा हिशेब केला, तर चुंबक एकदा उलटवायला १२५ फेम्टोजूल (फेम्टो म्हणजे १० चा उणे १५ वा घात) जातात. प्रवाहाऐवजी नुसतं व्होल्टेज वापरलं, तर कपॅसिटर भरण्यापुरतीच ऊर्जा लागते: ५० नॅनोमीटर व्यासाच्या जंक्शनवर (चुंबकीय थरांच्या गोल खांबावर) १.४ नॅनोमीटर मॅग्नेशियम ऑक्साइड असेल, तर १ व्होल्टला जेमतेम ०.१२ फेम्टोजूल. एवढ्या फरकासाठी पुढचा खटाटोप करावा.

ऑक्सिडाइज्ड सिलिकॉनवर आधी रेझिस्टचा (प्रकाशाने आकार देता येणाऱ्या लेपाचा) आराखडा काढा, थर नंतर टाका; शेवटी रेझिस्ट काढला की त्यावरचे थरही निघून जातात, याला लिफ्ट-ऑफ म्हणतात. क्रम उलटा झाला तर रेझिस्ट धुणारा पाण्यातला अल्कलीयुक्त डेव्हलपर मॅग्नेशियम ऑक्साइड खराब करू शकतो. थर असे: टँटलम ५, कोबाल्ट-आयर्न-बोरॉन (हाच चुंबकीय थर) १.१, मॅग्नेशियम ऑक्साइड २ नॅनोमीटर. हॉल-पट्टी (प्रवाहाला आडवं व्होल्टेज मोजायची क्रॉसच्या आकाराची पट्टी) १० मायक्रॉन रुंद. रेझिस्ट दुहेरी घ्या, म्हणजे कडेला धातूचे कान उभे राहत नाहीत. गेट (व्होल्टेज द्यायचा वरचा धातूचा थर) शॉर्ट होण्याचं एक मोठं कारण हे कान असतात. रेझिस्ट ॲसिटोन आणि आयसोप्रोपेनॉलने काढा, पाणी अजिबात नको. इंदूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडा ऑक्साइड ओल शोषून हायड्रॉक्साइड होत जातो, म्हणून नमुना डेसिकेटरबाहेर (ओल शोषणाऱ्या बंद डब्याबाहेर) ठेवू नका.

व्हॅक्यूममध्ये ३०० अंश सेल्सिअसला १ तास तापवा. बोरॉन चुंबकीय थरातून बाहेर पडतो आणि चुंबकन थराला काटकोनात उभं राहतं. तापमान फार वाढवलं, तर टँटलम सरकून सगळं बिघडतं. मग ॲटॉमिक लेयर डिपॉझिशनने (अणूंचा एकेक थर चढवण्याच्या पद्धतीने) ८ नॅनोमीटर ॲल्युमिना आणि वर टायटॅनियम-सोन्याचं गेट. आता दोन्ही ऑक्साइड मिळून १० नॅनोमीटर, म्हणून १ व्होल्ट म्हणजे साधारण ०.१ व्होल्ट प्रति नॅनोमीटर. वायर जोडताना मनगटाचा अर्थिंग पट्टा घालाच. माळव्यातल्या कोरड्या थंडीत बोटाची एक ठिणगी गेट जाळते.

मोजणी हॉल व्होल्टेजवर करा (चुंबकन किती उभं आहे ते त्यावरून कळतं), प्रवाह ५० मायक्रोअँपिअर. चुंबकीय क्षेत्र थराच्या पातळीत लावा, पण २-३ अंश कलतं, नाहीतर थराचे वेगवेगळ्या दिशांचे तुकडे (डोमेन) पडतात. हॉल-रोध शून्य क्षेत्रातल्या रोधाने भागून येणारं गुणोत्तर ग घ्या. १ वजा ग-वर्ग विरुद्ध क्षेत्र-वर्ग असा आलेख काढला, तर कमी क्षेत्रात सरळ रेषा येते. तिच्या उताराच्या व्यस्ताचं वर्गमूळ म्हणजे ॲनिसोट्रॉपी क्षेत्र, म्हणजे उभं चुंबकन आडवं पाडायला लागणारं क्षेत्र. व्होल्टेजच्या परिणामाचा गुणांक ५० फेम्टोजूल प्रति व्होल्ट-मीटर धरला, तर १ व्होल्टला या क्षेत्रात सुमारे ९ मिलिटेस्लाचा फरक दिसायला हवा. गेट धन असताना क्षेत्र घटतं, ऋण असताना वाढतं. दोन्ही चिन्हांना घटत असेल, तर ते व्होल्टेजचं काम नाही. गेट गळतंय आणि नमुना तापतोय. गळती १ नॅनोअँपिअरच्या आत नसेल, तर तो नमुना बाजूला काढा.

खरी मेख इथे आहे. व्होल्टेज चुंबकीय थर आणि ऑक्साइड यांच्या सीमेवरचे इलेक्ट्रॉन क्षणात सरकवतं, ते काढलं की परिणामही जातो. पण ऑक्सिजनचे आयनही हळूहळू सरकतात आणि तो बदल तसाच मागे राहतो. दोन्ही एकाच आकड्यात मिसळले की गुणांक खोटाच मोठा येतो. म्हणून १ व्होल्ट १० मिनिटं द्या, शून्यावर आणा आणि लगेच पुन्हा मोजा. जे परत आलं ते इलेक्ट्रॉनचं, जे मागे राहिलं ते आयनचं. खात्री हवी असेल, तर इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) मऊ क्ष-किरण शोषण मोजण्यासाठी प्रस्ताव द्या. लोह ऑक्सिडाइज झालं असेल, तर ७०७ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळच्या शिखराचा आकार बदलतो.

मागे राहिलेला भाग दोष समजून टाकून देऊ नका. थोडा-थोडा साचणारा आणि उलट व्होल्टेजने पुसला जाणारा बदल हाच सिनॅप्सचं (न्यूरॉनमधल्या जोडाचं) वजन, म्हणजे त्या जोडाची ताकद, होऊ शकतो. झटपट भाग न्यूरॉनला द्या. ५० नॅनोमीटरच्या चकतीत वरचाच गुणांक धरून ०.१ व्होल्ट प्रति नॅनोमीटरने ऊर्जेची भिंत खोलीच्या तापमानाला सुमारे २.४ केटीने (केटी म्हणजे त्या तापमानाची उष्णता-ऊर्जा) उतरते, म्हणजे उलटण्याचा वेग जवळपास अकरापट. मूळ भिंत १० केटीच्या आसपास ठेवा, चकती दर २० मायक्रोसेकंदांनी आपोआप उलटेल. ४० केटी ठेवलीत, तर एकदा उलटायला काही वर्षं लागतील.