जाळ्यात कासव आलं तर काय करायचं

मालवणच्या बाजूला आमच्या मच्छीमार संस्थेत मी कागदपत्रं बघते. कासव किंवा व्हेल शार्क अडकला की तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, फोन येतो, "ताई, जाळं कापू? पैसे कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. दोन्ही जनावरं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, मारली तर तीन ते सात वर्षांची कैद. पण जाळंही कुणीतरी कर्ज काढून घेतलेलं असतं. म्हणून २०१८च्या डिसेंबरपासून राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग फाटलेल्या जाळ्याची भरपाई देतात, २५ हजारांपर्यंत. मोठ्या जाळ्याला ते पुरत नाहीत, मर्यादा वाढायलाच हवी. पण हक्काचे आहेत, सोडू नका.

सुरी घेण्याआधी मोबाइल काढा. अडकलेलं जनावर, कापलं जाणारं जाळं आणि पाण्यात मोकळं जाणारं जनावर, तिन्ही दिसू देत. एका खलाशाला तेवढंच काम द्या. मग उशीर नको. जनावर जितकं धडपडेल तितकं जाळं जास्त फाटतं.

व्हेल शार्कच्या शेपटीला दोर बांधून ओढू नका. पाण्यातच, होडीच्या कडेला घेऊन कापा.

कासवाचं निराळं. ते हवेवर जगतं, जाळ्यात राहिलं की गुदमरतं. वर घेतल्यावर हललं नाही म्हणून मेलं समजून टाकू नका. बेशुद्ध कासव पाण्यात गेलं की बुडून मरतं. उताणं ठेवू नका. पोटावर ठेवून मागची बाजू फळीवर अर्धा फूट उंच करा, म्हणजे फुफ्फुसातलं पाणी निघतं. सावलीत, अंगावर ओलं फडकं, नाकतोंड मोकळं. शुद्धीवर यायला चार तास लागतात, कधी चोवीसही. अधूनमधून शेपटीला हलकेच बोट लावा. आखडली तर जीव आहे. हालचाल करायला लागलं की इंजिन न्यूट्रलला घालून, पाण्यात जाळं नसताना मागून सोडा.

ट्रॉलरवाल्यांनी टेड बसवून घ्यावं. जाळ्यातली ही जाळी कासवाला बाहेरची वाट देते, कोळंबी मागे राहते. आपली समुद्रातली कोळंबी अमेरिकेने बंद केली ती टेड नाही म्हणूनच. ते नुकसान एका फाटक्या जाळ्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

किनाऱ्याला लागल्यावर जाळं शिवायची घाई करू नका. आधी फाटलेल्या भागाचे फोटो, मग होडीच्या नोंदणीची आणि परवान्याची प्रत जोडून मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज. पोच घेतल्याशिवाय उठू नका.