ब्राउन ब्रेड घेताना पाकीट उलटं करा

रंग तपकिरी आणि पाकिटावर गव्हाची लोंबी दिसली, की आपण ब्रेड पौष्टिक समजून दहा-वीस रुपये जास्त मोजतो. मीही कित्येक वर्षं मोजले. आता दुकानात एवढंच करते:

१. पाकीट उलटं करून घटकांची यादी शोधते. अक्षरं मुंगीएवढी असतात, म्हणून मोबाइलने फोटो काढून मोठा करते. चष्मा विसरला तरी अडत नाही.

२. पहिला घटक बघते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे सर्वांत आधी जे लिहिलंय तेच सर्वांत जास्त. ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ म्हणजे सरळ मैदा. ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ हवा, आणि शेजारच्या कंसातली टक्केवारीही वाचायची. ‘मल्टिग्रेन’मध्ये नाचणी-ज्वारी दोन-तीन टक्केच निघाली, तर ती नावापुरती.

३. ‘१५०ए’ किंवा ‘१५०डी’ दिसलं, तर तो कॅरामेलचा रंग.

मात्र नुसता रंग दिसला म्हणून पाकीट परत ठेवू नका. भरपूर कणीक असलेल्या ब्रेडमध्येही तो कधीकधी असतो. निर्णय पहिल्या घटकावरच घ्या. हीच युक्ती ‘आटा’ नूडल्स आणि डायजेस्टिव्ह बिस्किटांनाही चालते.