चिनी आकाश शिकायचंय? चित्रेपासून सुरुवात करा

चिनी ज्योतिष म्हटलं की बहुतेकांना उंदीर, बैल, वाघ असे बारा प्राणी आठवतात. हा विषय मी हौसेने शिकतो आहे, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो की ते प्राणी तूर्तास बाजूला ठेवा. वर्षांना ती नावं आहेत, पण आकाशात त्या बारांच्या बारा राशी शोधायला जाल तर सापडणार नाहीत. आकाशाची मुख्य वाटणी अठ्ठावीस ‘शिउं’मध्ये, म्हणजे आपल्या नक्षत्रांसारख्या भागांमध्ये आहे, आणि पंचांग चाळणाऱ्या मराठी माणसाला तिथे ओळखीचे तारे भेटतात.

पहिला शिउ जिआओ, म्हणजे शिंग. त्याचा मुख्य तारा आपली चित्रा. मे महिन्यात रात्री अकरानंतर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि चित्रेपासून डावीकडे, पूर्वेच्या दिशेने सरकत जा. विशाखा, अनुराधा, ज्येष्ठा, मूळ या वाटेवर पूर्वेचा निळा ड्रॅगन उलगडत जातो. ज्येष्ठा त्याचं हृदय, मूळ त्याची शेपटी, आणि त्यापुढे धनू राशीतले तारे म्हणजे जी, धान्य पाखडायचं सूप. ड्रॅगनचे सात शिउ असे एका रात्रीत ओळखीचे होतात. उत्तरेचं काळं कासव, पश्चिमेचा पांढरा वाघ आणि दक्षिणेचा शेंदरी पक्षी यांच्याकडेही प्रत्येकी सात शिउ आहेत. कृत्तिका आणि रोहिणी वाघाच्या वाट्याला येतात.

या ओळखीवर मात्र फार विसंबू नका. आपलं प्रत्येक नक्षत्र १३ अंश २० कलांचं, क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या वार्षिक वाटेवर मोजलेलं. चिनी मोजणी खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या थेट वरच्या आकाशातल्या वर्तुळावर चालते. प्रत्येक शिउचा एक ठरावीक तारा असतो. ध्रुवापासून त्या ताऱ्यावरून खाली रेषा काढायची, तिथे तो शिउ सुरू होतो आणि पुढच्या शिउच्या रेषेपाशी संपतो. संत्र्याच्या फोडींसारखीच ही रचना, फक्त फोडी कमालीच्या लहानमोठ्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीच्या काळात पूर्ण वर्तुळाचे ३६५¼ भाग मानत, कारण सूर्य दिवसाला एक भाग सरकतो. त्यात मिथुनेतल्या जिंगला ३३ भाग, तर मृगाच्या डोक्याशी असलेल्या झीला जेमतेम २. पुढे परांचन गतीमुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष सावकाश डोलत असल्यामुळे, झी आणखी आक्रसत गेला. माझ्या मते हा एक मुद्दा पक्का समजला की निम्मा अभ्यास झाला. त्यासाठी स्टेलेरियम हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात चिनी तारकासमूह निवडा आणि विषुववृत्ताची जाळी चालू ठेवा.

ही वाटणी किती जुनी? हूपेई प्रांतात स्वेइजोऊ इथे झंग राज्याच्या यी नावाच्या अधिपतीची इ.स.पू. ४३३च्या सुमाराची कबर १९७८ मध्ये खणली गेली. तिथल्या लाखकाम केलेल्या पेटीच्या झाकणावर मधोमध सप्तर्षींचं नाव, भोवती अठ्ठावीसही शिउंची नावं, आणि दोन बाजूंना ड्रॅगन व वाघ रंगवलेले आहेत. मला या विषयातली सर्वांत देखणी वस्तू हीच वाटते.

बारा समान भागांचीही एक वाटणी आहे, पण ती गुरू ग्रहाची. गुरूला एका फेरीला सुमारे १२ वर्षं लागतात, म्हणून वर्षाला एक स्थानक. त्याच्या उलट दिशेने फिरणारा ‘थायस्वेइ’ नावाचा काल्पनिक गुरूही कल्पिला गेला, आणि वर्षगणनेचा बारा ‘शाखां’शी, म्हणजे काळ मोजायच्या बारा चिन्हांच्या चक्राशी संबंध त्याच्यामार्फत जुळला. प्राण्यांची नावं याच शाखांना जोडलेली आहेत. म्हणून प्राणी इथे, शेवटी शिका.

चिनी पंचांग हाती आलं तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपलं आजचं नक्षत्र म्हणजे चंद्र खरोखर जिथे आहे ते. तिथे दिवसापुढे छापलेला शिउ मात्र २८ दिवसांच्या अखंड चक्रातून ओळीने येतो. त्या दिवशी चंद्र कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. अठ्ठावीसला सातने भाग जातो, त्यामुळे प्रत्येक शिउचा वार ठरलेला: जिआओ नेहमी गुरुवारी, ड्रॅगनचा चौथा शिउ फांग नेहमी रविवारी. दोन्ही पंचांगं शेजारी ठेवून तारीख जुळवत बसू नका.

आणि चिनी अक्षरं थोडी तरी शिकाच. देवनागरीत लिहिलं तर शेपटीचा वेइ, छपराचा वेइ आणि पोटाचा वेइ असे तीन वेगळे शिउ एकसारखेच दिसतात. अठ्ठावीस अक्षरं आहेत. रोज एक, दोन गिरवलं तरी पुरे.