विनोदी लेखाचं अभिवाचन: हशा कुठे येतो आणि कुठे बुडतो

एकट्याने वाचताना पोट धरून हसवणारा लेख सोसायटीच्या सभागृहात मोठ्याने वाचला की लोक नुसते मंद हसतात. दोष बहुधा लेखाचा नसतो. डोळ्याला मागच्या ओळीवर परत जाता येतं, कानाला ती सोय नाही. त्यामुळे आवडता लेख दहाजणांना ऐकवायचा तर आधी कात्री हातात घ्यावी लागते.

मिनिटाला 100 ते 110 शब्द धरा, त्यात हशासाठीचं थांबणंही आलं. दहा मिनिटांच्या वाचनाला हजार-अकराशे शब्द पुरतात. मूळ लेख तीन हजार शब्दांचा असेल तर दोन तृतीयांश मजकूर जाणार, आणि तो शेवटाकडून सुरुवातीकडे कापायचा. आधी लेखातल्या हशाच्या जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा. मग प्रत्येक जागेसाठी श्रोत्याला आधी काय कळायला हवं ते शोधा: पात्राचं नाव, त्याची खोड, दुसऱ्या परिच्छेदात ओझरती आलेली एखादी छत्री. ही पेरणी ठेवा, बाकीची वर्णनं निर्धास्त काढा. सुरुवातीपासून कापत गेलात तर नेमकी छत्री कापली जाते आणि शेवटी ती उघडल्यावर कोणीच हसत नाही.

जुन्या लेखांत एक वेगळी अडचण असते. मनीऑर्डर, गिरणीचा भोंगा, चाळीतला सामायिक नळ या गोष्टी विशीतल्या मुलांना ठाऊक असतीलच असं नाही, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात वाढलेल्यांना तर नाहीच. विनोदाच्या तोंडावर थांबून खुलासा केला की तो विनोद गेला. खुलासा आधीच, प्रास्ताविकात एका वाक्यात उरकून टाका. खुलाशाला तीन वाक्यं लागत असतील तर तो उतारा सोडून द्या. कुणाचा रंग, जात, तोतरेपणा यांवरचे जुने विनोदही खुशाल गाळा, त्याने लेखाचं काही बिघडत नाही.

सगळ्यात जास्त हशे बुडतात ते वाक्याच्या शेपटीत. मराठी वाक्य क्रियापदाने संपतं आणि हसवणारा शब्द त्याच्या आधीच येऊन जातो. लोक हसायला लागतात तोवर वाचणारा ‘आले होते’ म्हणत पुढे सरकलेला असतो. ‘लग्नाला चारशे माणसं आली होती आणि चाळीसच जिलेब्या आल्या होत्या’ हे कागदावर चालतं. वाचताना ‘लग्नाला माणसं आली चारशे. जिलेब्या आल्या चाळीस’ असं फिरवून घ्या. संवादामागचं ‘असे तो म्हणाला’ तर हमखास घात करतं. ते संवादाच्या आधी न्या, किंवा आवाजातल्या बदलावर भिस्त ठेवून काढूनच टाका. मात्र लेखकाचे शब्द बदलू नका, फक्त त्यांची जागा हलवा किंवा नडणारे गाळा. आणि लेखाची गंमतच लांबलचक, जडजंबाल वाक्यात असेल तर तिथे हातही लावू नका.

संहिता 16 किंवा 18 पॉइंटच्या टायपात, दीडपट अंतर ठेवून, कागदाच्या एकाच बाजूला छापा. पान उलटण्याची जागा हशाच्या ओळीच्या आधी येऊ देऊ नका, तो उतारा पुढच्या पानावर ढकला. छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, मोठ्याला दोन. कागदांना पिन मारू नका. वाचलेलं पान मागे न सारता बाजूला सरकवलं की माइकमध्ये खरखर येत नाही.

तालमी किमान तीन हव्यात. पहिली घड्याळ लावून. दुसरी रेकॉर्ड करून: ऐकताना जिथे तुमचंच लक्ष उडालं, तो मजकूर काढा. तिसरी तो लेख न वाचलेल्या एका माणसासमोर. वाचणाऱ्याला स्वतःला हसू येणाऱ्या जागा याच वेळी कळतात. तिथे आधीच्या वाक्यावर श्वास घ्यायचा आणि नजर कागदावरच ठेवायची. वाचणारा आधी हसला की श्रोते सौजन्य म्हणून हसतात, आणि ते हसू लगेच ओळखू येतं.

प्रत्यक्ष वाचताना हशा पूर्ण विरेपर्यंत थांबू नका. तो चढतो, टिकतो आणि उतरायला लागतो. उतरतानाच पुढचं वाक्य धरा. अपेक्षित जागी कोणी हसलंच नाही तर मुळीच न थांबता पुढे जा, रिकामी वाट पाहणं सगळ्यांनाच अवघड होतं. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढायचा मोह आवरा. दोन पात्रांना वेग वेगळा दिला तरी भागतं: एक भरभर बोलणारा, एक सावकाश. पु. ल. देशपांड्यांचे उतारे तर अनेकांना रेकॉर्डिंगसकट पाठ असतात. त्यांची लकब उचलली की लोक लेख ऐकायचं सोडून तुलना करत बसतात.

खुर्च्या येणाऱ्या माणसांपेक्षा थोड्या कमीच मांडा, बाकीच्या भिंतीशी रचून ठेवा. पांगून बसलेली माणसं हसायला बिचकतात. श्रोत्यांवरचे दिवे पूर्ण मालवू नका. घरघरणारा पंखा आवाजातले बारकावे गिळतो. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित तिरका धरा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ फुटत नाहीत.

पाऊण तासात चार उतारे पुरे. पहिला छोटा आणि खात्रीचा. ‘आता एक धमाल विनोदी लेख’ अशी ओळख कटाक्षाने टाळा.

हक्कांचा प्रश्न शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात. राम गणेश गडकरी (निधन 1919) आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1934) केव्हाच मोकळे झाले आहेत, चिं. वि. जोशी (1963) 2024 पासून. तिघांत कानाला सगळ्यात सोपे चिं. वि.; कोल्हटकरांची वाक्यं बरीच कापावी लागतात. अत्र्यांचे हक्क 2029 अखेरपर्यंत, पु.लं.चे 2060 अखेरपर्यंत. प्रकाशित लेखनातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला कायद्याची हरकत नाही. अख्खा लेख तिकीट लावून वाचायचा किंवा त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा, तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. पत्ता पुस्तकाच्या प्रकाशकाकडे मिळतो आणि उत्तराला वेळ लागतो, तेव्हा पत्र दोन महिने आधी जाऊ द्या.