ग्रुप प्रोजेक्टची वेबसाइट आणि "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय" : या चुका टाळा

डिप्लोमा घ्या, इंजिनिअरिंग घ्या, बीसीए घ्या, चार जणांचा ग्रुप असतो, विषय हॉस्टेल मेस मॅनेजमेंट नाहीतर लायब्ररी, आणि वाटणी पण ठरलेली: एक जण डिझाइन, एक जण लॉगिन, एक जण डेटाबेस आणि चौथा "मी ब्लॅक बुक (म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट) आणि पीपीटी बघतो". प्रत्येकाचा भाग त्याच्या त्याच्या लॅपटॉपवर मस्त चालत असतो. सगळं जोडून लाइव्ह टाकायचं काम मात्र सबमिशनच्या आदल्या आठवड्यावर ढकललेलं, आणि तिथेच गाडी अडते.

खाली जे प्रॉब्लेम सांगतोय त्यातले बहुतेक या एका उशिरामुळे अंगावर येतात. म्हणून विषय अप्रूव्ह झाला की त्याच आठवड्यात एक साधं पान आणि त्यात डेटाबेसमधून आलेली एक ओळ एवढंच सर्व्हरवर लाइव्ह करून टाका, दिसायला कसंही असू दे. तेव्हा एरर आला तर निवांत बसून सोडवता येतो, व्हायवाच्या आदल्या रात्री आला की ग्रुपमध्ये भांडणं होतात.

लोगो दिसत नाही, टेबल सापडत नाही

लोकलला सगळं ओके आणि लाइव्ह टाकल्यावर अर्धे फोटो गायब, हा नंबर एकचा प्रॉब्लेम. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल सारखंच वाटतं, सर्व्हर बहुतेक वेळा लिनक्सचा असतो आणि त्याला ते दोन वेगळे वाटतात. कोडमध्ये लोगोचं एक्स्टेन्शन स्मॉलमध्ये, फाइलचं कॅपिटलमध्ये, संपलं, ४०४ (फाइल सापडली नाही). बरं विंडोजवर नाव बदलून पुश केलं (ऑनलाइन चढवलं) तरी कधीकधी गिटला (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) बदल झालाय हेच कळत नाही, कारण फक्त अक्षराची साइज बदललीय, तेव्हा गिट एमव्ही ही कमांड वापरून नाव बदला. मायएसक्यूएल या डेटाबेसमधल्या टेबलच्या नावांचंही हेच: विंडोजवर कसंही लिहा चालतं, लिनक्सवर "टेबल डझन्ट एग्झिस्ट". पहिल्याच दिवशी ठरवून टाका, फाइल असो, फोल्डर असो की टेबल, सगळं स्मॉलमध्ये आणि मध्ये स्पेस नाही.

याचाच भाऊ म्हणजे सी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता फोटोच्या लिंकमध्ये टाकणं, नाहीतर लोकलहोस्ट (म्हणजे आपल्याच लॅपटॉपचा पत्ता) तसंच कोडमध्ये राहणं. गंमत म्हणजे ज्याने लिहिलं त्याच्या मशीनवर लाइव्ह साइटही बरोबर दिसू शकते, कारण लोकलहोस्ट त्याच्याकडे चालूच असतं. म्हणून लाइव्ह साइट नेहमी दुसऱ्याच्या मोबाइलवर, मोबाइल डेटावर उघडून बघा.

झॅम्पमध्ये मायएसक्यूएल चालू होत नाही

झॅम्प म्हणजे लॅपटॉपवरच सर्व्हर आणि डेटाबेस चालवायचं पॅकेज. आदल्या सेमला डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलसाठी टाकलेलं मायएसक्यूएल बॅकग्राउंडला चालू असतं, त्याने ३३०६ पोर्ट (डेटाबेसशी जोडायचा नंबर) धरून ठेवलेला असतो आणि झॅम्पवाल्याला जागाच मिळत नाही. सर्व्हिसेसमध्ये जाऊन जुनं बंद करा किंवा झॅम्पचा पोर्ट ३३०७ करा. पण ३३०७ केलात तर तुमच्या कनेक्शनच्या फाइलमध्ये तो लिहावा लागतो आणि तीच फाइल पुश झाली की बाकी तिघांचं बंद पडतं! त्यामुळे कनेक्शनची माहिती एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, ती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलची यादी) टाका आणि प्रत्येकाने आपापली बनवा.

आणि हो, यूट्यूबवर "डेटा फोल्डरमधल्या फाइल डिलीट करा, लगेच चालू होईल" असं सांगणारे बरेच भेटतील. चालू होतं, खरंय. पण आयबीडेटा१ नावाची फाइल त्यात उडाली तर तुमची टेबलं फक्त नावाला उरतात, आतलं काही उघडत नाही. आधी अख्खा डेटा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून घ्या, मग काय ते प्रयोग करा.

दुसऱ्याचा डेटाबेस इम्पोर्ट करताना "अननोन कोलेशन" (अक्षरं जुळवायचा नियम ओळखीचा नाही) आलं तर घाबरू नका. एकाकडे मायएसक्यूएल ८ असतं आणि झॅम्पमध्ये खरं तर मारियाडीबी (मायएसक्यूएलचाच भाऊ) असतो, त्याला ०९०० वालं नवीन कोलेशन माहीत नसतं. एसक्यूएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून ते नाव सगळीकडे यूटीएफ८एमबी४ जनरल सीआय करा, काम होतं. मेसच्या मेनूत "पिठलं भाकरी"च्या जागी प्रश्नचिन्हं येत असतील तर टेबल आणि कनेक्शन दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ (मराठी अक्षरं सांभाळणारा कॅरेक्टर सेट) सेट करा, लोक टेबलचं करतात आणि कनेक्शनचं विसरतात. जे आधीच प्रश्नचिन्ह म्हणून सेव्ह झालंय ते मात्र परत मराठी होणार नाही, नव्याने टाइप करावं लागेल.

फुकटचं होस्टिंग

गिटहब पेजेसवर (कोड ठेवायच्या गिटहब साइटचं फुकट होस्टिंग) पीएचपी चालत नाही, तिथे फक्त एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. लॉगिन, डेटाबेस वगैरे असेल तर तो पर्याय विसरा. सीनियरच्या जुन्या रिपोर्टमध्ये हेरोकू फ्री लिहिलेलं असेल तर ते २०२२ च्या नोव्हेंबरमध्येच बंद झालं. रेंडरवर फ्री मिळतं, पण १५ मिनिटं कोणी आलं नाही की सर्व्हिस झोपते आणि उठायला साधारण मिनिटभर घेते, एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) समोर बसलेले असताना ते मिनिट फार मोठं वाटतं, म्हणून तुमचा नंबर यायच्या जरा आधी साइट उघडून ठेवा. त्यांचा फ्री पोस्टग्रेस डेटाबेस ३० दिवसांनी एक्स्पायर होतो हेही बघून ठेवा, आपलं सेम त्याहून लांब असतं. शिवाय युजरने अपलोड केलेले फोटो फ्री सर्व्हिसच्या डिस्कवर टिकत नाहीत, रीस्टार्ट झालं की गेले.

मोंगोडीबी ॲटलास (ऑनलाइन डेटाबेस) वापरत असाल आणि घरून चालतंय, कॉलेजच्या वायफायवर चालत नाही, तर आधी ॲटलासमधली परवानगी दिलेल्या आयपींची यादी बघा. कॉलेजच्या नेटवर्कने पोर्टच ब्लॉक केला असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, वाद घालत बसू नका.

झिप फाइलची देवाणघेवाण

व्हॉट्सॲपवर "फायनल", "फायनल २", "खरंच फायनल" अशा झिप फिरायला लागल्या की समजा कोणाचं तरी काम ओव्हरराइट होणार. गिट शिकायला एक दुपार द्या. दोघांनी एकाच फाइलमध्ये बदल केले की कॉन्फ्लिक्ट येतो, मग गिटने फाइलमध्ये टाकलेल्या बाणांच्या खुणा न काढताच लोक सेव्ह करतात आणि पानावर त्या खुणा तशाच दिसतात. हेडर, फूटर, मेनू वेगळ्या फाइलमध्ये काढा, निम्मे कॉन्फ्लिक्ट तिथेच कमी होतात. नोड मॉड्यूल्सचं (डाउनलोड केलेल्या लायब्रऱ्यांचं) फोल्डर पुश करू नका, आणि १०० एमबीच्या वरची फाइल गिटहब घेतच नाही. एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) चुकून पुश झाली असेल तर पुढच्या कमिटमध्ये (गिटमधली बदलाची नोंद) डिलीट करून भागत नाही, ती हिस्टरीत राहते, की रद्द करून नवीन घ्या.

डिझाइनचं फार बोलत नाही. तीन दिवस स्लायडरवर घालवू नका एवढंच, एक्स्टर्नल तो बघत नाहीत. ते लॉगिनमध्ये चुकीचा पासवर्ड टाकून बघतात, रिकामा फॉर्म सबमिट करतात आणि विचारतात, "यातलं तू काय केलंस?"

इथे बऱ्याच ग्रुपची पंचाईत होते, कारण सगळे एकाच्या लॅपटॉपवरून पुश करतात आणि गिटहबवर एकाचंच नाव दिसतं. प्रत्येकाने आपल्या मशीनवर गिटमध्ये तोच ईमेल टाका जो गिटहबवर आहे, वेगळा असेल तर कमिट तुमच्या अकाउंटला जोडला जात नाही. एकत्र बसून एकाच लॅपटॉपवर काम केलं असेल तर कमिटच्या मेसेजखाली को-ऑथर्ड-बाय लिहून दुसऱ्याचं नाव आणि ईमेल टाकता येतो. ब्लॅक बुकवाल्यालाही टेस्टिंगचा डेटा आणि रीडमी लिहायला लावा, त्याचे चार कमिट तरी होतील.