जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे वार्षिक पालकपत्र कसे तयार करावे

शाळा जूनमध्ये सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात पालकांच्या हाती एक पत्रक पडते. त्यात वर्षभरात शाळा काय करणार आहे आणि गावाने कशात साथ द्यावी, हे लिहिलेले असते, निदान असायला हवे. प्रत्यक्षात अशा पत्रकाचा अर्धा भाग लग्नपत्रिकेसारखा मान्यवरांच्या नावांनी भरलेला असतो आणि उरलेल्या भागात ‘सर्वांगीण विकास’ व ‘गुणवत्तापूर्ण शिक्षण’ हे शब्द असतात, ज्यांच्याविषयी कोणत्याही पालकाला शाळेला एकही प्रश्न विचारता येत नाही. पुढील मार्गदर्शन मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी आहे. पत्रक एका कागदाच्या दोन बाजूंत मावेल एवढेच ठेवावे. पहिल्या बाजूवर वर्षाची उद्दिष्टे आणि दुसऱ्या बाजूवर शाळेच्या व गावाच्या वार्ता असाव्यात.

उद्दिष्टे मुख्याध्यापकांनी एकट्याने ठरवायची नसतात. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे. हा आराखडा 3 वर्षांचा असून त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा असतो. समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात, तर मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात. पत्रकातील उद्दिष्टे या उपआराखड्यातूनच उचलावीत. आराखडा केंद्रशाळेतून (परिसरातील शाळांच्या मुख्य शाळेतून) आलेल्या नमुन्यात आकडे भरून पूर्ण झाला असेल आणि समितीने तो केवळ सहीपुरता पाहिला असेल, तर आधी एक बैठक घेऊन तो मोठ्याने वाचावा. पत्रक त्यानंतर लिहावे.

उद्दिष्टे तीनच निवडावीत, फार तर चार. दहा उद्दिष्टे लिहिणाऱ्या शाळेकडे प्रत्यक्षात एकही नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले उद्दिष्ट वाचन आणि गणिताचे असावे. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या, केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने त्यासाठी मोजता येतील अशा पायऱ्या दिलेल्या आहेत. पहिलीच्या मुलाला चार-पाच सोप्या शब्दांची लहान वाक्ये वाचता यावीत आणि 99 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत आणि 999 पर्यंत मजल मारावी. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत आणि 9999 पर्यंतच्या संख्या हाताळाव्यात. पत्रकात मात्र ‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाची उद्दिष्टपूर्ती’ असे लिहू नये. त्याऐवजी असे लिहावे: ‘तिसरीत शिकणारे आपले मूल मार्चअखेर न पाहिलेल्या गोष्टीतील 60 शब्द एका मिनिटात वाचेल आणि त्यावर विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे देईल. आपण घरी घड्याळ लावून हे पाहू शकता.’ असे वाक्य शाळेला बांधून ठेवते, आणि म्हणूनच ते लिहायला धीर लागतो.

हे उद्दिष्ट लिहिण्यापूर्वी आज मुले कोठे आहेत हे माहीत असले पाहिजे. जूनमध्ये शाळा सुरू होताच परिपाठानंतर रोज चार-पाच मुलांना एकेकटे जवळ बसवून वाचायला लावावे. उतारा पाठ्यपुस्तकातला नको, कारण पुष्कळ मुले बालभारतीचे धडे तोंडपाठ म्हणतात आणि त्यांचे बोट भलत्याच ओळीवर असते. मिनिट संपताच मूल जेथे पोहोचले तेथे पेन्सिलीने खूण करावी, चुकलेले शब्द वजा करावेत आणि मग पुस्तक मिटून दोन प्रश्न विचारावेत: एकाचे उत्तर उताऱ्यात थेट असावे, दुसऱ्यासाठी थोडा विचार करावा लागावा. वेग चांगला असूनही उत्तरे न येणारे मूल वाचते आहे असे समजू नये. निकाल वर्गशिक्षकाच्या वहीतच ठेवावा. पत्रकात एवढेच यावे की तिसरीच्या अमुक मुलांपैकी तमुक मुले आज या टप्प्यावर आहेत. मागे राहिलेल्या मुलांची नावे कोठेही छापू नयेत आणि पालकसभेत वाचूनही दाखवू नयेत. मुलांना मानसिक त्रास देण्यास कायद्यानेच मनाई आहे, आणि चारचौघांत नाव घेणे हा त्रासच आहे.

दुसरे उद्दिष्ट उपस्थितीचे असावे आणि ते गावाच्या कामाच्या दिवसांशी जोडलेले असावे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हावे, असे कायदा सांगतो. पण कोकणात भातलावणीला आणि विदर्भात कापूस वेचणीला वर्ग रिकामे होतात, हे त्या 200 च्या आकड्यात दिसत नाही. मागील वर्षीची हजेरी महिन्यावार काढून सर्वांत पडते दोन महिने शोधावेत आणि उद्दिष्ट त्या महिन्यांपुरतेच लिहावे. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राहत असेल, तर धाकट्याला अंगणवाडीत ठेवून तिला त्या वेळेत शाळेत येता येईल का, हे समितीतील महिला सदस्यांनी घरी जाऊन विचारावे. ‘पाल्यास नियमित शाळेत पाठवावे’ अशी छापील सूचना कोणाच्याही घरी उपयोगाची ठरलेली नाही.

ऊसतोड मजुरांची वस्ती असलेल्या शाळांत, विशेषतः बीड, अहिल्यानगर आणि जालना या भागांत, पत्रकाचा सर्वांत मोठा परिच्छेद स्थलांतरावर हवा. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. ही माहिती दिवाळीत देऊन उपयोग नाही, कारण मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्यापूर्वीच घेतलेली असते आणि मुलांनाही न्यायचे ठरलेले असते. जूनच्या पत्रकातच तीन गोष्टी सांगाव्यात. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहणार असेल, तर हंगामी वसतिगृहासाठी नाव कधीपर्यंत व कोणाकडे द्यायचे, हे पहिले. मूल बरोबर जाणार असेल, तर निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावे आणि ऊसतोडीच्या फडाजवळच्या शाळेत दाखवावे, हे दुसरे. आणि तिसरे, जे फार थोड्या पालकांना ठाऊक असते: शाळा सोडल्याचा दाखला हातात नाही एवढ्या कारणावरून कोणत्याही शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. हे वाक्य ठळक अक्षरांत छापावे. परत आलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवले जाईल आणि बुडालेल्या अभ्यासासाठी जादा वेळ दिला जाईल, हे आश्वासनही लेखी द्यावे, मात्र तो वेळ कोणता शिक्षक कोणत्या तासाला देणार हे आधी ठरवूनच.

तिसरे उद्दिष्ट इमारत, पाणी किंवा स्वच्छतागृहाचे असेल, तर काम, खर्च आणि पैसे देणारा असे तिन्ही एका वाक्यात आले पाहिजेत. समग्र शिक्षा अभियानातून मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातील किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. ती मागील वर्षी कशावर खर्च झाली हे सांगितल्याशिवाय या वर्षीचे उद्दिष्ट लिहू नये. संरक्षक भिंतीसारखे मोठे काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातून करून घ्यायचे असल्यास, तो आराखडा ज्या ग्रामसभेत ठरतो त्या सभेपूर्वी पालकांनी ठराव मांडण्याची तयारी करावी, असे आवाहन पत्रकात असावे. लोकवाटा मागायचा असेल, तर तो ऐच्छिक आहे आणि न देणाऱ्याच्या मुलाला त्याची झळ बसणार नाही, हे स्पष्ट लिहावे.

दुसऱ्या बाजूवरील वार्ता निवडताना, शाळेत कधीच न येणाऱ्या पालकाला काय कळायला हवे, ही कसोटी लावावी. समितीच्या बैठकांच्या तारखा, पाठ्यपुस्तके आणि गणवेश मिळाले की नाही, आरोग्य तपासणी कधी होणार आणि पोषण आहारात कोणत्या वारी काय शिजते, हे आधी यावे. प्राथमिक वर्गातील मुलाला या आहारातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत; 100 ग्रॅम धान्याचे हे माप छापले की स्वयंपाकघरात डोकावायला माता पालक गटाला निमित्त मिळते. मुलांचे छायाचित्र पालकांची संमती घेतल्यावरच वापरावे. 3 जानेवारी किंवा 27 फेब्रुवारीच्या कार्यक्रमांची वर्णने एका ओळीत आटोपावीत, पण निवृत्त झालेल्या स्वयंपाकी मावशींविषयी चार ओळी अवश्य लिहाव्यात, कारण गाव त्या ओळी वाचते.

भाषेबाबत कागदावरची मराठी पुरेशी नसते. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिल्ली आणि बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या घरांत पत्रक पोहोचवायचे, तर समितीतील त्या भाषेच्या सदस्याने ते वाचून दाखवावे आणि त्याचे ध्वनिमुद्रण वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावे. मराठी घरांतही वाचता न येणारे पालक असतातच. त्यामुळे वाटप मुलांच्या दप्तरातून न करता पहिल्या पालकसभेत, वाचून झाल्यानंतर करावे, आणि सभा मजुरीहून परतण्याच्या वेळेनंतर, संध्याकाळी ठेवावी. सकाळी अकराला बोलावलेल्या सभेला कोण येते, हे सर्वांना माहीत आहे.

प्रथम सत्र संपताना अर्ध्या पानाची पुरवणी काढावी. जूनचा आकडा, आजचा आकडा आणि फरक कमी पडला असल्यास त्याचे कारण, एवढेच तिच्यात असावे. बहुतेक शाळांत 1 मे रोजी निकालासाठी पालक येतात. त्या दिवशी तिन्ही उद्दिष्टांचा हिशेब फळ्यावर लिहून ठेवावा आणि अपुरे राहिलेले उद्दिष्ट पुढील जूनच्या पत्रकात त्याच शब्दांत पुन्हा घ्यावे. प्रत्येक पत्रकाची एक प्रत समितीच्या इतिवृत्ताच्या नोंदवहीत चिकटवावी, म्हणजे मुख्याध्यापकांची बदली झाली तरी नवीन येणाऱ्यांना पहिल्याच बैठकीत ती वाचता येईल.